सात नंबरचा बिल्ला

लोक मला डॉक्टर म्हणतात आणि मी कधी कुणाला दुरुस्त केलेलं नाही. पहिली कबुली ही. मी पशुधन पर्यवेक्षक. डॉक्टर म्हणजे पदवी घेतलेले पशुवैद्यकीय अधिकारी, मी पदविकावाला. मी लसी टोचतो, जखमा धुतो, शेळ्यांच्या कानात बिल्ले मारतो, गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करतो, आणि या सगळ्याला लागतो त्याच्या दुप्पट वेळ नोंदवह्या भरतो. मुरबाड आणि शहापूर या दोन तालुक्यांत मिळून बावीस वर्षं हेच केलं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट कळली. आमचा पेशंट कधी खोटं बोलत नाही. खोटं बोलतो मालक. आणि कधीकधी नोंदवही.

या अंकासाठी संपादकांनी गमतीचे अनुभव मागितले आहेत. तेही आहेत. सिद्धगडाच्या पायथ्याला नेमणूक असताना एक आजी काखेत कोंबडा घेऊन आल्या. कोंबडा पहाटे आरवत नाही, भर दुपारी आरवतो, अशी तक्रार. मी चोच पाहिली, पोट चाचपलं, काही निघालं नाही. म्हटलं, आजी, कोंबडा ठणठणीत आहे. तर म्हणाल्या, "त्यो बरा हाय त मंग मीच दुपारी उठू का?" दुसरे एक गृहस्थ लंगड्या बैलासाठी मलम न्यायचे आणि त्यातलं अर्धं स्वतःच्या गुडघ्याला चोळायचे. बैल आणि ते एकाच आठवड्यात बरे झाले, म्हणून मी गप्प बसलो.

गप्प बसणं मला जमतं. इतकं जमतं की हा लेख त्याबद्दलच आहे.

सापगावच्या पुढे, डोंगराच्या बाजूला एक पाडा आहे. नाव लिहीत नाही, तिथले लोक वाचतीलच. त्या पाड्यावर सुमनताई राहतात. कल्याणला एका कचेरीत टंकलेखक होत्या. आसनगावहून रोजचं जाणं-येणं करून त्यांनी नोकरी पुरी केली आणि निवृत्त होऊन वडिलांच्या घरी परतल्या. एकट्याच. घरात बुद्धाची एक लहान मूर्ती, पुस्तकांचं कपाट आणि कचेरीने भंगारात काढलेलं टाइपरायटर. एकटेपणाला सोबत म्हणून पुण्याच्या भाचीनं त्यांना एक पिल्लू आणून दिलं. परदेशी बुटक्या जातीच्या डुकराचं. आलं तेव्हा जेवणाच्या डब्याच्या पिशवीत बसून आलं, म्हणून ताईंनी नाव ठेवलं चिमणी.

विकणाऱ्याने भाचीला सांगितलं होतं, मांजराएवढं होईल, वर नाही. हा त्या धंद्यातला जुना डाव. पिल्लाचे आईबाप दाखवतात ते स्वतःच अजून वाढीचे असतात. डुक्कर दोन-तीन वर्षं वाढतच राहतं, बुटकं असलं तरी. चिमणी वाढत वाढत थोराड शेळीएवढी लांब झाली, उंचीने मात्र अर्धी. पण ताईंना त्याचं काही वाटलं नाही. त्या म्हणायच्या, "माणसांची मुलंसुद्धा सांगितलेल्या मापात कुठे राहतात?"

बाहेरच्यांना डुकराबद्दल एवढंच माहीत असतं की ते घाण. खरं सांगतो, मी हाताळलेल्या जनावरांत जागा दिली तर सगळ्यात स्वच्छ राहणारं तेच. विधीसाठी एक कोपरा ठरवतं आणि तो मोडत नाही. चिखलात लोळतं कारण त्याला आपल्यासारखा घाम येत नाही. सावली आणि पाणी द्या, चिखल मागत नाही. आणि डोकं? चिमणी कुकरच्या दोन शिट्ट्यांना जागची हलायची नाही, तिसरीला उंबऱ्यात हजर. दाराची कडी नाकाने उघडायला ती आठ दिवसांत शिकली. ती पुन्हा लावायला मात्र ताईंना तिला शिकवता आलं नाही.

आता माझा गुन्हा.

दर काही वर्षांनी घरोघर जाऊन जनावरं मोजायची असतात. गाई, म्हशी, शेळ्या, कोंबड्या, कुत्रीसुद्धा. ताईंच्या ओट्यावर मी वही उघडली तेव्हा मागे चार शेजारी उभे होते. शेजारी जनावरं मोजताना नेहमीच येतात, कुणाकडे काय आहे ते फुकट कळतं. ताई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "डुक्कर. मादी. एक. लिहा." मागे कुणीतरी फिसकन हसलं. कुणी जातीचा शब्द काढला नाही. काढायची गरजही नव्हती. ताईंच्या समाजाच्या दारात डुक्कर, यावर गावात काय बोललं जातं ते मला माहीत होतं. आणि ते हसू कुठून आलं तेही, कारण मी हसणाऱ्यांच्याच बाजूच्या घरात वाढलो आहे.

मी लिहिलं : श्वान, मादी, एक.

मनाला सांगितलं की बाईची शोभा नको. हे अर्धं खरं. उरलेलं अर्धं असं की गावात एक डुक्कर नोंदलं की दर महिन्याला डुकरांचा वेगळा तक्ता भरावा लागतो, आणि मला आधीच तक्ते पुष्कळ होते.

पण एक खोटी ओळ एकटी राहत नाही, तिला सोबत लागते. त्या पावसाळ्यानंतर पंचायतीने कुत्र्यांची नोंदणी सुरू केली. माझ्या यादीवरून ग्रामसेवकांनी पितळी बिल्ले काढले. त्यावर फक्त 'ग्रा. पं.' आणि आकडा. सहा नंबर शेजारच्या बाळारामदादांच्या कुत्र्याचा. सात नंबर चिमणीचा. तो मीच नेऊन दिला, दुसरं कुणी नेलं तर बिंग फुटेल म्हणून. ताईंनी बिल्ला उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "ही घरगुती प्राण्यांची नोंद ना? म्हणजे चिमणी आता कागदावर आली?"

मी म्हटलं, "हो."

या नोकरीत मी पुष्कळ खोट्या सह्या पाहिल्या. पण त्या एका 'हो'इतकं जड काही उचललं नाही. ताईंनी बिल्ला लाल पट्ट्यात ओवला. दर रविवारी चिंचेने घासायच्या. दुरून चिमणी येताना आधी बिल्ला चमकायचा, मग चिमणी दिसायची.

पुढे डुकरांच्या तापाची साथ कुठेतरी आल्याची बातमी आली आणि वरून पत्र : गावनिहाय डुकरांची संख्या कळवा. मी त्या पाड्यापुढे 'निरंक' लिहिलं. निरंक म्हणजे काही नाही. आणि मग दर आठवड्याला थर्मामीटर घेऊन त्या काही-नाहीचा ताप बघायला जाऊ लागलो. ताई म्हणायच्या, किती काळजी घेता हो डॉक्टर. मी चहा पिऊन निघायचो. तिला खरंच ताप आला असता तर साथ दडवणारा मीच ठरलो असतो.

ती आजारी पडली, पण तापाने नाही. बाळारामदादांच्या मुलीचा साखरपुडा होता. चिमणी कडी काढून मांडवात शिरली. पाहुण्यांना नवल वाटलं, कुणी फरसाण टाकलं, कुणी पापड, कुणी लोणच्याची फोड. पाण्याचं भांडं मात्र तिने सकाळीच उलटं केलेलं. दुपारी मला फोन आला. जाऊन पाहतो तर ती गोल गोल फिरत होती आणि भिंतीला डोकं टेकवून उभी राहत होती. मिठाची बाधा. डुकराला खारट फार झालं आणि पाणी मिळालं नाही की ते मेंदूवर जातं. मग घाईने बादलीभर पाणी पाजलं तर आणखी बिघडतं. वाटी-वाटीने, थांबून थांबून द्यायचं. आमच्या साहेबांना फोन करून सगळं विचारून घेतलं. फोनवर डुक्कर सांगितलं, पाडा कोणता ते मात्र गाळलं. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही वाटीवर बसलो. बाळारामदादा नव्या कपड्यांत होते, व्याही मांडवात खोळंबले होते, तरी ते उठले नाहीत. म्हणाले, "माज्या मांडवात झालं, निस्तरायला नको?" चिमणीने अंधार पडता पडता वाटी त्यांच्या हातातून हिसकली तेव्हा आम्ही ओळखलं, वाचली.

हेच बाळारामदादा वर्षभराने चिमणीविरुद्ध अर्ज घेऊन पंचायतीत गेले.

त्यांचंही चूक नव्हतं. त्या साली रानडुकरांनी डोंगराकडचं भात अक्षरशः लोळवलं. नाचणीसुद्धा सोडली नाही. हातातोंडाशी आलेलं गेल्यावर माणसाला डुक्कर या शब्दाचाच राग येतो, आणि रानातलं हाती लागत नाही, शेजारचं लागतं. अर्ज असा : वस्तीत डुक्कर मोकळं फिरतं, ते उद्या बाकीच्यांना वाट दाखवील. पंचायतीने ताईंना नोटीस दिली. डुक्कर हे पशुधन, त्याचा गोठा वस्तीबाहेर हवा, पुढच्या पेरणीआधी हलवा. वस्तीबाहेर म्हणजे माळावर, जिथे संध्याकाळनंतर बिबट्याची वाट आहे. चिमणी तिथे चार दिवस टिकली नसती. शिवाय तिसऱ्या शिट्टीला ती कुणाच्या उंबऱ्यात जाणार होती?

ताईंनी टाइपरायटरवरची धूळ झटकली. त्यांचं म्हणणं सरळ होतं. कुत्रा-मांजर घरात पाळायला कायदा हरकत घेत नाही, तसंच या बुटक्या डुकराला घरगुती प्राणी म्हणून मान्यता द्या, अटी घालून. अटीही त्यांनीच लिहिल्या. घरटी एकच. दरसाल तपासणी आणि नोंद. पैदास नाही, विक्री नाही. बाहेर नेताना पट्टा. असं करत आठ. पंचायत, तालुका, जिल्हा, थेट मंत्रालयापर्यंत अर्ज गेले, प्रत्येकाची पोच दोऱ्याने शिवून ठेवलेली. मी आयुष्यात इतका नीट अर्ज पाहिला नाही. गावात चेष्टा झाली. एक जण म्हणाला, "वराह म्हटलं की हात जोडायचे न् डुक्कर म्हटलं की दगड मारायचा, असं आपलं गाव. ताईला कोण विचारतंय?"

उत्तर आलं, दोन ओळींचं. क्षेत्रीय अहवालानुसार सदर प्राणी अभिलेखावर आढळून येत नाही. सबब मान्यतेचा प्रश्न उद्भवत नाही.

क्षेत्रीय अहवाल म्हणजे मी.

ताई तो कागद घेऊन दवाखान्यात आल्या. म्हणाल्या, "डॉक्टर, वर घोटाळा झालाय. तुम्ही तर ओट्यावर बसून लिहून घेतलंत. तेवढ्या पानाची सहीशिक्क्याची नक्कल द्या." मी म्हटलं वही तपासणीला गेली आहे. पुढच्या खेपेला म्हटलं, शिक्का साहेबांकडे आहे. त्यापुढच्या खेपेची वाटच पाहिली नाही. गाडी त्या पाड्यावरून न नेता लांबच्या रस्त्याने नेऊ लागलो. बायकोने विचारलं, हल्ली पेट्रोल जास्त लागतंय का. नोटिशीची मुदत संपत आली होती.

ग्रामसभा शाळेच्या व्हरांड्यात होती. लसीकरणाची माहिती द्यायला मला बोलावणं होतंच, टाळता आलं नाही. सुमनताई पुढच्या सतरंजीवर, मांडीवर अर्जांचा गठ्ठा. चिमणी पट्ट्याने खांबाला बांधलेली, बिल्ला नुकता घासलेला.

ग्रामसेवकांनी नोटीस वाचली, मग माझ्या मोजणीची यादी काढली आणि मध्येच थांबले. म्हणाले, अहो, या घरावर डुक्कर नाहीच. कुत्रा आहे. सात नंबर.

अख्खा व्हरांडा हसला. सरपंचबाईंनी पदर तोंडाला लावला. पण हसता हसता त्यांच्या लक्षात आलं की वाट सापडली. डुक्कर नाही तर नोटीस कुणाला? बाळारामदादांचाही राग तोवर निवळला होता. भात गेलं होतं त्याला आता सहा महिने झाले होते. ते उठून म्हणाले, "कागदावर कुत्रा हाय ना, मंग ऱ्हाऊ दे कुत्रा. भुकत नाय येवढाच. माजा अर्ज मी मागं घेतो." सगळ्यांनी माना डोलावल्या. एकदम सोपं. चिमणी घरात राहणार, गाव सुटणार, आणि मी तर सगळ्यात जास्त सुटणार. फक्त ताईंनी हो म्हणायचं होतं.

ताई उभ्या राहिल्या. आवाज मोजणीच्या दिवशीसारखाच. "माझ्याकडे कुत्रा नाही. जन्मभर दुसऱ्यांचं खरं-खोटं टाइप केलं, माझ्या घरचं खोटं मी ठेवणार नाही. कुत्रा म्हणून राहायची असेल तर न्या तिला माळावर. पण ही चूक कुणाची, ते मला कळलं पाहिजे."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नव्हतं. त्यांना अजून माहीत नव्हतं. त्या ग्रामसेवकांकडे पाहत होत्या, आणि तो गरीब माणूस कागद चाळत होता, आपलंच काही चुकलं की काय म्हणून.

तेव्हा मी उठलो. म्हटलं, चूक नाही. मी मुद्दाम लिहिलं. ताईंनी डुक्कर सांगितलं, मी कुत्रा लिहिलं. बिल्ला मी दिला, निरंक मी कळवलं, वही तपासणीला गेलेली नव्हती. वरून आलेलं उत्तर माझ्याच खोटेपणाचं आहे. आता हे बोलल्याने नोटीस पुन्हा उभी राहते, तेही मला समजतं.

कुणी ओरडलं नाही. बाळारामदादा डोकं खाजवत म्हणाले, "डाक्टर, आमाला म्हाईत व्हता ओ. सहा नंबर माज्या कुत्र्याचा, मंग सात कुणाचा? दोन वर्सं आमी तुमाला सात नंबर डाक्टर बोलतो."

अख्ख्या गावाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते दोघांनाच. ताईंना, कारण त्यांच्याकडे कधी कुत्रा नव्हता, ते बिल्ले कुत्र्यांचे हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आणि मला, की गावाला माहीत आहे.

ताई चिमणीपाशी गेल्या, पट्ट्यातून बिल्ला काढला आणि माझ्या हातावर ठेवला. "का लिहिलंत?"

"तुमची शोभा होऊ नये म्हणून."

"मला लाज वाटत नव्हती डॉक्टर. लाज तुमची होती. ती तुम्ही माझ्या घरावर नोंदवलीत."

बिल्ला गरम होता, उन्हातला.

त्यानंतर जे झालं त्यात माझं काही श्रेय नाही. ताईंनी गठ्ठा सोडला आणि आठ अटी वाचून दाखवल्या. गावाने त्या पहिल्यांदाच ऐकल्या; तोवर सगळ्यांनी अर्जाची चेष्टाच केली होती, अर्ज कुणी वाचला नव्हता. बाळारामदादांनी नववी अट घातली : पेरणीपासून झोडणीपर्यंत चिमणी त्यांच्या बांधाच्या अलीकडे. ताई म्हणाल्या, मान्य, पण मग तुमच्या कार्यात तिला फरसाण द्यायचं नाही, ही दहावी. दादा म्हणाले, "त्ये पाव्हन्यांना सांगा." हात वर झाले. सगळे नाही, पण पुरेसे. ठराव झाला की या घरातलं हे बुटकं डुक्कर गाव घरगुती प्राणी मानतं, आणि सरकारनेही मानावं अशी शिफारस करतं.

मी दुसऱ्या दिवशी साहेबांना लेखी कबुली दिली. 'कारणे दाखवा' आली, ताकीद मिळाली, सेवापुस्तकात नोंद झाली. ती नोंद मात्र बिनचूक आहे, मी तपासली. नवा अहवाल गेला. ताईंना वरून नवं पत्र आलं, की आपला अर्ज विचाराधीन आहे. कायदा बदललेला नाही, कधी बदलेल सांगता येत नाही. पण ताई म्हणाल्या, प्रश्न उद्भवत नव्हता, तो उद्भवला, एवढं तरी पुढे आलो. त्यांनी मला माफ केलं का, ते मी विचारलेलं नाही. चहा देतात. थर्मामीटर दाखवलं की म्हणतात, आधी वहीत काय लिहिणार ते सांगा. डुकरांचा तक्ता मी दर महिन्याला भरतो. एकच आकडा असतो, दोन मिनिटं लागतात. एवढ्यासाठी मी ते सगळं केलं होतं.

एक काम राहिलं होतं. चिमणीचा पट्टा रिकामा होता आणि पंचायतीकडे डुकरांचे बिल्ले नव्हते. शहापूरच्या बाजारात भांड्यांच्या दुकानाबाहेर एक गृहस्थ लग्नाच्या ताटावाट्यांवर नावं घालत बसतात. त्यांच्याकडे मी पितळेचा गोल तुकडा घेऊन गेलो आणि नाव नि त्याखाली मोजणीच्या दिवशी टाळलेला शब्द चिठ्ठीवर लिहून दिला. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचला.

"साहेब, 'चिमणी' घालतो. पण खाली हा शब्द नक्की घालू ना? पितळेवर एकदा घातलेलं खोडता येत नाही."

मी म्हटलं, म्हणूनच तुमच्याकडे आलो. घाला. जरा मोठं घाला.